एक बाई, पाच नवरे आणि ९९९ वर्षांचा भाडेपट्टा

लफड्यांची चरित्रं वाचायला एवढं डोकं लागतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. भाचीनं तर भलताच भरवसा दिला होता. "मावशी, तू आयुष्यभर थोर लोकांची चरित्रं वाचलीस. आता जरा चटपटीत वाच. एक बाई, पाच नवरे, एक खून. हातातून सुटणार नाही तुझ्या." असं म्हणून तिनं फ्रान्सिस ऑस्बर्न या लेखिकेचं 'द बोल्टर' माझ्यापुढं ठेवलं. २००८ सालचं पुस्तक, विषय केनियातली 'हॅपी व्हॅली'. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात नैरोबीच्या उत्तरेला, अबरडेअर डोंगराच्या कुशीत वांजोही नदीच्या खोऱ्यात इंग्रज उमरावांचं एक टोळकं राहायला गेलं. शेती हे निमित्त. गाजावाजा झाला तो दारूचा, अमली पदार्थांचा आणि कुणाची बायको कुणाकडे सापडली याचा.

माझी सगळी नोकरी दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. दिवसा लोकांचे दस्त आणि रात्री चरित्रं. चरित्रं म्हणजे रमाबाई रानड्यांच्या आठवणी, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', धनंजय कीरांचे आंबेडकर. या पुस्तकांत माणूस जन्मतो, सोसतो, काहीतरी करून दाखवतो आणि जातो. पुरुषाचं नाव शेवटपर्यंत तेच राहतं आणि बाईचं बदललं तर एकदाच.

'द बोल्टर'ची नायिका आयडिना, तिचा हिशेब निराळा. जन्म १८९३, अर्ल डे ला वॉर यांची मुलगी लेडी आयडिना सॅकव्हिल. १९१३ मध्ये युआन वॉलेसशी लग्न. १९१९ मध्ये घटस्फोट आणि त्याच वर्षी चार्ल्स गॉर्डनचा हात धरून केनिया. १९२३ मध्ये तिसरा नवरा, जोस्लिन हे, तिच्याहून आठ वर्षांनी लहान. त्याला सगळे जॉस म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले, तर १९२८ मध्ये त्याचे वडील वारले आणि तो बाविसावा अर्ल ऑफ एरल झाला. आता पुस्तक त्याला एरल म्हणायला लागलं आणि हा नवा पुरुष कुठून आला म्हणून मी चार पानं मागं गेले. १९३० मध्ये तोही सुटला. मग डोनाल्ड हॉल्डमन, १९३९ मध्ये व्हिन्सेंट सोल्टाउ, आणि १९४६ मध्ये पाचवंही लग्न मोडल्यावर बाईंनी पुन्हा माहेरचं नाव लावलं. एवढं होईतो माझी पुरती भंबेरी उडाली होती.

हक्कसोडपत्र समोर आलं की मी आधी वंशावळ मागत असे. तीच सवय कामाला आली. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मी पेन्सिलीनं चौकोन पाडायला घेतले. पाचव्या नवऱ्यापर्यंत कागद पुरला, पण त्या नवऱ्यांच्या इतर बायका आणि त्या बायकांचे इतर नवरे यांना शेजारचा महिना जोडावा लागला. त्यात डायना दोन. एक आयडिना आणि जॉसची मुलगी, दुसरी जॉसची शेवटची प्रेयसी. मुलीचा चौकोन भरताना मात्र मी सुखावले, कारण तिथं वारसाहक्काचं एक झकास कोडं होतं. जॉस गेल्यावर एरलचं स्कॉटिश अर्लपद मुलीला मिळालं, कारण ते बाईकडे जाऊ शकतं. त्याचीच दुसरी पदवी, बॅरन किलमार्नक, पुरुष वारसालाच चालणारी. ती त्याच्या भावाकडे गेली. माणूस एक, पदव्या दोन, वारस दोन. असलं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर साहेबांना विचारल्याशिवाय मी हात लावला नसता.

नावं जागेवर बसली तेव्हा दुसरी अडचण सुरू झाली. आयडिनाच्या घरच्या मेजवान्यांबद्दल या पुस्तकांत नाही नाही ते आहे. पाहुण्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या वाटण्याचे खेळ, हिरव्या दगडाच्या टबात बसून पाहुण्यांशी गप्पा मारणारी यजमानीण. वाचताना मजा येते, खोटं कशाला बोलू? पण खोल्यांची दारं बंद होती तर हे बाहेर आलं कसं? ज्यांनी सांगितलं ते स्वतः तिथं होते की क्लबात ऐकून आले होते? दस्ताला ओळख पटवणारी दोन माणसं लागतात आणि ती पक्षकाराला प्रत्यक्ष ओळखणारी लागतात. 'ह्यांच्या शेजाऱ्यांना मी ओळखतो' म्हणणारा चालत नाही. ह्या पुस्तकांत अर्धेअधिक साक्षीदार शेजाऱ्यांना ओळखणारे निघतात.

म्हणून मी प्रत्येक मसालेदार मजकुरापाशी थांबून एकच प्रश्न विचारू लागले, 'हे कुणी सांगितलं?' त्यानं वाचनाचा वेग बैलगाडीचा झाला, पण पुस्तक पहिल्यांदा उलगडायला लागलं.

पहिलं उत्तर लेखिकेपासूनच मिळालं. ऑस्बर्न ही आयडिनाची पणती. तेरा वर्षांची होईतो तिला आपल्या पणजीचा पत्ताच नव्हता. १९८२ मध्ये जेम्स फॉक्सचं 'व्हाइट मिस्चिफ' आलं, त्याचे उतारे लंडनच्या रविवारच्या वर्तमानपत्रात छापून आले आणि त्या निमित्तानं घरच्यांना सांगावं लागलं की ही बाई आपलीच. म्हणजे जिचं नाव घरात काढायचं नाही, अशा पणजीचं चरित्र पणती लिहिते आहे. ते रागानं कसं लिहिलं जाईल? ऑस्बर्नची आयडिना 'बोल्टर', म्हणजे सोडून जाणारी बाई आहे, पण आधी ती स्वतः सोडली गेलेली आहे. लहानपणी वडील घर सोडून गेले, १९०२ मध्ये आईवडिलांचा घटस्फोट झाला. पुढं पहिल्या महायुद्धानं तरुण नवरा पळवला, आणि तो परत आला तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

पुस्तकाची सुरुवात लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलात होते, १९३४ च्या मे महिन्यात. आयडिना तिथं एका एकोणीस वर्षांच्या मुलाची वाट पाहत बसली आहे. तो तिचा थोरला मुलगा, डेव्हिड. त्याला आणि धाकट्या जेरार्डला, ज्याला घरी जी म्हणत, सोडून ती गेली त्याला पंधरा वर्षं झाली आहेत आणि समोर आला तर ओळखू येईल का याची तिला खात्री नाही. पाच नवऱ्यांचा पाढा पाठ करून मी इथवर आले होते, आणि या पानावर मात्र पेन्सिल खाली ठेवली. पुढं दोन्ही मुलगे दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. त्यांच्यामागं ती १९५५ पर्यंत जगली. भाचीच्या 'एक बाई, पाच नवरे, एक खून' या यादीत हे दोघे नव्हते. लफड्यांच्या याद्यांत मुलं सहसा नसतातच.

ती मुलं वाढवली कुणी, याचा शोध घेताना मला जो धक्का बसला तो कुठल्याही शय्यागृहातल्या प्रसंगानं दिला नाही. युआन वॉलेसनं १९२० मध्ये दुसरं लग्न केलं बार्बरा लुटियन्सशी. नवी दिल्ली बांधणाऱ्या एडविन लुटियन्सची ही मुलगी. हिची धाकटी बहीण मेरी लुटियन्स, आणि मेरीबाई माझ्या कपाटात कित्येक वर्षं आहेत. जे. कृष्णमूर्तींचं खंडवार चरित्र लिहिणाऱ्या त्या ह्याच. उठून तो जुना खंड काढला आणि सूची पाहिली. त्यात लेडी डे ला वॉर! थिऑसॉफीच्या भक्त, ॲनी बेझंटबाईंच्या मैत्रीण. मिस डॉज या धनाढ्य अमेरिकन बाईंबरोबर विंबल्डनच्या ज्या मोठ्या घरात त्या राहत, तिथं तरुण कृष्णमूर्ती आणि त्यांचे बंधू नित्यानंद यांना आसरा मिळाला. मिस डॉजनं कृष्णमूर्तींना वर्षाला ५०० पौंडांची तहहयात नेमणूक करून दिली. आणि ह्या लेडी डे ला वॉर म्हणजे आयडिनाची आई.

कृष्णमूर्तींच्या खंडात त्यांच्याबद्दलचा मजकूर मी पूर्वी आदरानं वाचला होता. जगद्‌गुरूच्या आगमनाची वाट पाहणारी, सालस, उदार बाई. तिची लेक केनियात काय करत होती याचा तिथं मागमूस नाही. मेरी लुटियन्सच्या पुस्तकाचा तो विषय नव्हता, आणि आयडिनाच्या जागी संसार थाटणारी मेरीचीच सख्खी बहीण होती. बाई तीच, काळ तोच, फक्त सांगणारी वेगळी. एका कपाटात ती सत्संगात आहे आणि दुसऱ्या कपाटात 'सोडून जाणाऱ्या' मुलीची सोडलेली आई. मी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी लावली. ग्रंथपालबाई माझ्या घरी आल्या तर त्यांना आवडणार नाही ही रचना.

एवढ्यात भाचीचा फोन. "मावशी, खुनापर्यंत आलीस का?"

"अजून कृष्णमूर्तींपाशी आहे," मी म्हटलं.

"मी तुला दिलेल्या पुस्तकात कृष्णमूर्ती कुठून आले?"

"तू वंशावळ काढ, म्हणजे कळेल."

खुनासाठी आयडिनाला बाजूला ठेवून 'व्हाइट मिस्चिफ' घ्यावं लागतं. त्या आधी एक बाई भेटते, जिच्यावाचून ही मंडळी पुरी होत नाही. ॲलिस द जांझे. न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात १८९९ मध्ये जन्मलेली लक्षाधीशाची मुलगी, फ्रेंच काउंटची बायको. केनियात आयडिनाची शेजारीण आणि जॉसची मैत्रीण, हे दोन्ही एकाच वेळी आणि आयडिनाच्या माहितीत. तिनं सिंहाचा छावा पाळला होता. पण तिचं नाव जगभर झालं ते २५ मार्च १९२७ रोजी, पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकात. प्रियकर रेमंड द ट्रॅफर्ड तिला सोडून लंडनला निघाला होता. त्याच्या घरच्यांना हे लग्न मान्य नव्हतं. त्या दिवशी दोघं बाजारात हिंडत असताना ॲलिसनं पिस्तूल खरेदी केलं. तोही बरोबरच होता. मग गाडीच्या डब्यात निरोप घेताना तिनं त्याच्यावर गोळी झाडली, दुसरी स्वतःवर. दोघंही वाचले. फ्रेंच न्यायालयानं तिला सहा महिन्यांची स्थगित शिक्षा आणि १०० फ्रँक दंड केला. आणि १९३२ मध्ये तिनं त्याच रेमंडशी लग्न केलं! लग्न टिकलं नाही, हे सांगायला नकोच. ही गोष्ट मी शेजारच्या काकूंना सांगितली तर त्या म्हणाल्या, "मालिकेत दाखवलं असतं तर आपण हसलो असतो."

आता खून. सर जॉक डेल्व्हस ब्रॉटन हा सत्तावन्न वर्षांचा बॅरोनेट १९४० च्या अखेरीस नवी नवरी डायना हिला घेऊन केनियात उतरला. ती त्याच्याहून तीस वर्षांनी लहान. त्यांचा म्हणे करार होता की तिचं मन एखाद्या तरुणावर बसलं तर हा आड येणार नाही, उलट वर्षाला ५००० पौंड देईल. करार नोंदवलेला नव्हता, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मन बसायला काही आठवडेच लागले. तरुण होता जॉस, म्हणजे लॉर्ड एरल, तोवर लष्करी सचिवालयात अधिकारी झालेला. २३ जानेवारी १९४१ च्या रात्री मुथैगा क्लबात सगळे एकत्र जेवले. ब्रॉटननं भर टेबलावर पेला उंचावून त्या दोघांचं अभीष्ट चिंतलं. मध्यरात्रीनंतर एरलनं डायनाला कॅरन उपनगरातल्या घरी सोडलं, आणि पहाटे तीनच्या सुमारास जवळच्याच चौफुलीपाशी रस्त्याकडेला त्याची ब्यूक गाडी दुधाच्या लॉरीवरच्या आफ्रिकी कामगारांना दिसली. आत एरल, डोक्यात गोळी.

ब्रॉटनवर खटला चालला. जोहान्सबर्गहून आलेल्या हॅरी मॉरिस या वकिलानं गोळ्यांवरच्या खाचांचा मुद्दा लावून धरला, की ज्या पिस्तुलांवर सरकार पक्षाची भिस्त आहे त्यांतून ह्या गोळ्या सुटलेल्याच नाहीत. ब्रॉटन जुलैमध्ये निर्दोष सुटला. १९४२ च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या एका हॉटेलात मॉर्फिनचा जबर डोस घेऊन त्यानं जीव दिला. डायनानं पुढं गिल्बर्ट कोल्व्हिल या केनियातल्या बड्या जमीनदाराशी लग्न केलं, मग लॉर्ड डेलामियरशी, आणि ती तिथल्या गोऱ्या समाजाची अनभिषिक्त महाराणी होऊन १९८७ मध्ये वारली. एरलच्या खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही.

आणि इथं नवख्या वाचकाची पुरती गाळण उडते. मी एकामागून एक पुस्तकं आणवली आणि प्रत्येकात खुनी वेगळा. जेम्स फॉक्स म्हणतो ब्रॉटनच. त्याचा हुकमाचा एक्का म्हणजे हुआनिता कारबेरी. खुनाच्या वेळी ती पंधरा वर्षांची होती आणि दोनच दिवसांनी ब्रॉटननं तिच्यापाशी कबुली दिली, असं तिनं कित्येक वर्षांनी सांगितलं. एरल ट्रेबिन्स्की या लेखिकेचं पुस्तक २००० सालचं. लेखिकेचं पहिलं नाव आणि मृताची पदवी एकसारखी, म्हणून आणखी एक संध्याकाळ गोंधळात गेली. तिच्या मते हा ब्रिटिश गुप्तहेरखात्याचा डाव, कारण जॉस १९३४ मध्ये ब्रिटनमधल्या मोस्लीच्या फॅसिस्ट पक्षात गेला होता आणि फार काही जाणून होता. २०१० मध्ये पॉल स्पायसरनं ॲलिसचं चरित्र लिहिलं आणि खुनी ठरवली ॲलिसला. खून झाला त्याच वर्षाच्या सप्टेंबरात तिनं आत्महत्या केली होती, त्यामुळं ती हरकत घ्यायला येणार नव्हती.

'हे कुणी सांगितलं?' हा प्रश्न लावल्याबरोबर ह्या तीन निकालांची शिवण दिसू लागली. स्पायसरची आई ॲलिसची मैत्रीण. घरात लहानपणापासून ॲलिसच्याच गोष्टी, मग नाटकाची नायिका तीच होणार. फॉक्सनं सिरिल कॉनोलीबरोबर १९६९ मध्ये वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी ह्या खुनाचा शोध सुरू केला होता. कोर्टाचे कागद आणि जेवणाच्या टेबलावरची माणसं ही त्याची सामग्री, त्यामुळं त्याचा खुनी टेबलावरच बसलेला. ट्रेबिन्स्कीबाईंना एरल निव्वळ रंगेल म्हणून मरावा हे पटत नव्हतं, त्यांना त्याचं मोठेपण हवं होतं. प्रत्येकानं आपल्या हाती आलेल्या पेटीला शोभेल असा मारेकरी काढला. हे लोक लबाडी करतात असं मी म्हणत नाही. दिवाणी दाव्यात दोन्ही पक्ष आपापलं खरंच सांगत असतात, फक्त जमिनीची मोजणी वेगवेगळ्या कोपऱ्यातून सुरू करतात.

एव्हाना मला आपल्याकडची आठवण होणं साहजिक होतं. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण व्यापाऱ्याच्या गाडीवर हल्ला झाला, बावला मारला गेला. गाडीत मुमताज बेगम होती, इंदूरच्या होळकर दरबारातून निसटलेली. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. खटल्यात एका आरोपीचे वकील बॅरिस्टर जीना होते. दोघं फासावर गेले. हल्ल्यामागचे धागे इंदूरकडे जात असल्यामुळं चौकशी आयोग की गादी, असा प्रश्न तुकोजीराव होळकरांपुढं आला आणि १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुलाच्या नावे गादी सोडली. धवल कुलकर्णी यांचं या खटल्यावरचं इंग्रजी पुस्तक मी लगोलग मिळवलं. मुमताजचं इथं कोर्टात बोलणं नोंदलं गेलं आहे. आपल्या नवजात मुलीला मारण्यात आलं, असा आरोप तिनं शपथेवर केला. आयडिनाच्या आयुष्याबद्दल सांगणारे शेकड्यानं होते, मुमताजला स्वतःच बोलावं लागलं. पण तिचं ते बोलणं सरकारी कागदात बसलं म्हणून आज शंभर वर्षांनी आपण वाचू शकतो.

केनियात कुणाचं बोलणं कागदावर आलं नाही, ते शोधायला पुन्हा वांजोहीत जावं लागतं. ह्या चरित्रांत मधूनच एक वाक्य येतं, 'तिनं शेत घेतलं', 'त्यांनी जमीन मिळवली'. लेखक लगेच पुढच्या मेजवानीकडे वळतो. मी तिथंच अडले. कुणाकडून घेतली? सातबारा कुणाच्या नावे होता? दस्त कसला? नोकरीनं लावलेली खोड, जात नाही. म्हणून लफड्यांची पुस्तकं बाजूला सारून केनियाचा थोडा इतिहास वाचला.

१९०४ च्या कराराखाली मसाई लोकांना नैवाशाच्या आसपासची कुरणं सोडून बरंच उत्तरेला लायकिपियाला हलवलं गेलं. हा करार तुमची जमात टिकेल तोवर राहील, असं आश्वासन होतं. १९११ मध्ये दुसरा करार करून त्यांना तिथूनही उठवलं. रिकामे झालेले डोंगराळ, थंड, सुपीक मुलूख 'व्हाइट हायलँड्स' म्हणून गोऱ्यांसाठी राखले गेले. भारतीयांनाही तिथं जमीन घ्यायला मज्जाव होता. १८९६ ते १९०१ मध्ये युगांडा रेल्वे बांधायला भारतातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले होते. १९२० पर्यंत तिथलं चलन रुपया होतं. १९०२ च्या सुमारास नैरोबीत प्लेग ओळखणारे डॉक्टर रोझेंडो रिबेरो आपले गोव्याचे, झेब्र्यावर बसून रोगी तपासायला जात. पण मुथैगा क्लबाचं दार यांच्यापैकी कुणाला उघडं नव्हतं. झेब्र्यावरचा डॉक्टर हा काय कमी चरित्रनायक आहे? त्याच्या बायकोनं कुणावर गोळी झाडली नाही, म्हणून तो तळटिपेत राहिला असावा.

आणि मग १९१५ चा क्राउन लँड्स कायदा. त्या आधी गोऱ्या वसाहतवाल्यांना शेतजमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळे. या कायद्यानं मुदत केली ९९९ वर्षं. मी तो आकडा दोनदा वाचला, छापखान्याची चूक आहे का म्हणून दुसऱ्या पुस्तकात पाहिला. बरोबर होता. हजारो भाडेपट्टे ह्या हातांखालून गेले, एवढी मुदत कधी पाहिली नाही. १९१५ मध्ये ९९९ मिळवले तर २९१४ साल येतं. उलट वजा केले तर ९१६, म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूटांचं राज्य. तिसऱ्या इंद्रानं दिलेला पट्टा विसाव्या शतकात संपायचा, असा हा प्रकार. त्याच सुमारास आफ्रिकी पुरुषांना बोटांच्या ठशांचं ओळखपत्र, 'किपांडे', सक्तीचं झालं. धातूच्या डबीत घालून ते गळ्यात बाळगावं लागे. क्लबात पेला भरणारा आणि घोड्याला खरारा करणारा, दोघांच्याही गळ्यात डबी.

तेव्हा मला हॅपी व्हॅलीचं गणित कळलं. बेफिकिरीला पैसा लागतो आणि वेळ लागतो. पैसा बऱ्याच जणांनी घरून आणला होता, पण वेळ त्यांना ह्या पट्ट्यानं दिला. हजार वर्षं जमीन तुमचीच, राबणाऱ्याच्या गळ्यात डबी, न्यायाधीश तुमच्याच क्लबाचा. मग रात्री दिवाणखान्यात काय खेळायचं एवढाच प्रश्न उरतो. चरित्रकार त्या खेळावर प्रकरणं लिहितात आणि पट्टा एका वाक्यात उरकतात. मला दोन्ही हवं आहे. नुसता पट्टा वाचला तर तो आकडा आहे. आयडिनाचं घर, तिचा टब आणि क्लॅरिजेसमधलं तिचं वाट पाहणं वाचल्यावर तो आकडा कुणी आणि कसा खर्चला ते दिसतं.

१९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला, त्या आसपासच गोऱ्यांची शेतं तुकडे करून स्थानिक शेतकऱ्यांना वाटायला सुरुवात झाली होती. २०१० च्या राज्यघटनेनं परकीय नागरिकांच्या ९९९ वर्षांच्या पट्ट्यांची मुदत ९९ वर आणली. ज्युलिएट बार्न्स या लेखिकेनं २०१३ च्या पुस्तकात त्या जुन्या घरांचा माग काढला आहे. ती स्थानिक माणसाला बरोबर घेऊन हिंडते आणि पडक्या दिवाणखान्यांत आता जे राहतात त्यांच्याशी बोलते. ह्या सगळ्या ढिगात मला पटलेले साक्षीदार तिच्याकडे आहेत, कारण ते त्या जागेवर उभे राहून बोलतात.

भाचीनं परवा विचारलं, "मग, खुनी कोण वाटतो तुला?" मी तिला म्हटलं, तू कुठलं पुस्तक वाचतेस त्यावर आहे. ह्या वाटेला नव्यानं येणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की आधी कोरा कागद घेऊन वंशावळ काढा, दोन डायना असतील तर एकीला लाल पेन्सिल वापरा. आणि पहिल्या पानाच्या आधी शेवटचा ऋणनिर्देश वाचून घ्या. चरित्रकारानं कुणाच्या आईचे, मावशीचे, नातवाचे आभार मानलेत ते पाहिलं की खुनी कोण निघणार आणि जमिनीबद्दल किती पानं मिळणार, ह्या दोन्हींचा अंदाज चहा निवायच्या आत बांधता येतो.